रविवारची पाई, हाजिर हो!

अंबडच्या आमच्या गल्लीत रविवारी दुपारी जेवून कोणी आडवं झालं, तर त्याची झोप पुरी होईल याची खात्री नसायची. ऊन जरा कललं की आमच्या घरमालकांचा आवाज उठायचा.

"वरच्या खोलीतल्या भाडेकरीण बाई, हाजिर हो-ओ-ओ!"

एकदा नव्हे, तीनदा. मग "सूनबाई हाजिर हो", मग "चिरंजीव हाजिर हो". शेवटी आवाज थोडा खाली आणून, अदबीनं, "पाई हाजिर हो."

मी काका म्हणायची त्यांना. उभं आयुष्य कोर्टात गेलेलं. आधी पट्टेवाला होते, पुढं बेलिफ झाले. कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा हे त्यांचं काम, आणि तो पुकारा एसटी स्टँडवर ऐकू जायचा असं लोक सांगत. मला ते बिलकुल खोटं वाटत नाही. पुढं सायकलवर गावोगाव समन्स बजावत फिरले. मग निवृत्त झाले, पण कोर्ट काही त्यांच्या अंगातून उतरलं नाही. नळाला पाणी आलं नाही की म्हणायचे, "नगरपालिका गैरहजर." दूधवाल्याची रोज उलटतपासणी चालायची. भाजीवाली बाई तर त्यांना बघून गाडा पलीकडच्या बाजूला न्यायची, कारण हे वांगं हातात धरून विचारायचे, "शपथेवर सांग, आजचं हाय का कालचं?" जेवण झालं की ताटावरून उठताना "कोर्ट उठलं" म्हणायचे आणि खरंच उठायचे. मागून कोणी भात वाढायला आलं तरी परत बसायचे नाहीत.

मी परतूरची. बँकेत नवीनच लागले होते. त्यांची वरची खोली घेतली आणि पहिल्याच रविवारी माझ्या नावाचा पुकारा झाला. घाबरून, केस मोकळेच सोडून मी जिना उतरले. मला वाटलं, पोलीस आले!

खाली परसात काका उकिडवे बसले होते. पांढरा इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, आणि पुढ्यात गोवऱ्यांचा पेटता आर. त्या आरातून चिमट्यानं एक स्टीलचा डबा बाहेर काढत होते. डबा काळाठिक्कर झालेला.

"बसा," मला म्हणाले. "उशीर केला तर एकतर्फी निकाल लागतो इथं."

डब्यात पाई होती. मैद्याच्या पारीत पेरूचा गर भरलेला, वरून पारीचंच झाकण. टीव्हीवर एक विलायती कार्यक्रम हिंदीत करून दाखवत. त्यातली एक म्हातारी बाई शेतावरच्या घरात दर रविवारी पाई भाजायची आणि पोरंबाळं, सुना, शेजारी, सगळ्यांना एका टेबलाशी बसवून खाऊ घालायची. ते बघून काकांनी हा उद्योग आरंभला होता. घरात ओव्हन नाही. मग भाजायचं कशात? आपल्याकडं रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात, तर पाईनं काय घोडं मारलंय, असा त्यांचा विचार. रोडगा उघडा असतो, त्याची राख झटकता येते. डब्यातल्या पाईत शिरलेला धूर कसा झटकायचा, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. सूनबाई तोंडाला पदर लावून खोकत होती. त्यांचा मुलगा, जो जालन्याला कारखान्यात जाऊन-येऊन नोकरी करायचा, तो "मला ड्युटी हाय" म्हणून उठला. रविवारी कसली ड्युटी! काका स्वतःसुद्धा घास तोंडात घोळवत आभाळाकडं बघत होते.

आणि काकू मात्र शांतपणे खात होत्या. काकू म्हणजे काकांच्या मंडळी. अंगानं वाळलेल्या, गोऱ्या, अबोल. त्यांनी तुकडा संपवला आणि हात पुढं केला. "अजून द्या."

मी तशी तोंडाळ आहे, राहवलं नाही. "काकू, धूर लागत न्हाई का हो तुम्हाला?"

सूनबाईनं माझा पाय दाबला. पण काकूच हसल्या. "मला वासच येत न्हाई पोरी. तुम्ही सगळे खोकून राह्यले, आणि मी मजेत हाय."

काका त्यांच्या हसण्याकडं बघत राहिले. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

तो सांगितला सूनबाईनं, दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना. ती केदारखेड्याची, बोलायला मोकळी. काकू साऱ्या गल्लीत स्वयंपाकासाठी नावाजलेल्या. मसाला भाजायला घ्यायच्या तर चार घरच्या बायका आपापले डबे घेऊन यायच्या, "तुमच्या नाकानं बघा" म्हणून. साथीच्या तापात तेच नाक गेलं. ताप उतरला, नाक काही आलं नाही. आज येईल, उद्या येईल करत महिने लोटले. मग एक दिवस काकू ओट्याशेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि हातभर अंतरावर दूध लागलं. पातेलं बुडापासून काळं झालं, धूर झाला, बाहेरून सूनबाई पळत आली, तेव्हा काकूंना कळलं.

"त्या दिवशी आईंनी गॅस बंद केला आणि म्हणल्या, ज्या बाईला दूध लागलेलं कळत न्हाई तिनं चुलीपुढं बसू नये. तेव्हापासून पुन्हा स्वयंपाकघरात आल्याच न्हाईत," सूनबाई सांगत होती. "जेवण म्हंजे दोन घास. माती खाल्ल्यागत लागतंय म्हणतात. जालन्याचे डॉक्टर म्हणले, येईल तर येईल. मला तर भ्या वाटतं ताई. अशानं माणूस किती दिवस टिकंल?"

काकू दिवसभर टीव्हीसमोर बसायच्या. काय चाललंय ते बघत नसायच्या, नुसत्या बसायच्या. आणि एक दिवस ती विलायती म्हातारी पाई कापत असताना त्यांच्या तोंडून निघालं, "हे कसं लागत असंल हो?"

खाण्याबद्दल त्यांनी कितीतरी दिवसांनी काही विचारलं होतं. काका खुर्चीतून उभेच राहिले म्हणे.

पुढं एकदा मी काकांना छेडलं. म्हटलं, काकूंच्या आवडीचं पुरणपोळीसारखं काही करायचं सोडून हे विलायती कशाला?

त्यांनी मला समोर बसवलं. "तुम्ही बँकेतल्या, तरी तुम्हाला समजंना? पुरणाची चव तिला ठावूक हाय. जायफळ किती, वेलदोडा किती. घास घेतला की काय हरवलं ते बराबर कळतं तिला. प्रत्येक घासाला नवं दुःख. पाईची चव तिला न्हाई, मला न्हाई, तुम्हालाबी न्हाई ठावूक. इथं सगळे बरोबरीला." मग टोपी सारखी करून म्हणाले, "नाक फरार हाय. मी बेलिफ हाय. समन्स बजावत राह्यचं. आपलं काम तेवढं."

दर रविवारची पाई म्हणजे त्यांच्या लेखी एक तारीख. तुकडे वाटून झाले की काकूंना विचारायचे, "काही खबर?" काकू मान हलवायच्या. "पुढली तारीख, रविवार," असं म्हणून कोर्ट उठायचं.

गोवऱ्यांच्या आराचा नाद त्यांनी सोडला तो सूनबाईनं हात जोडल्यावर. बाजारात पत्र्याचं काम करणाऱ्याकडून तेलाच्या डब्याची एक पेटी करवून आणली, दाराला कडी, आत जाळी, वर निखारे ठेवायला कड वळवलेली. खाली कोळशाची शेगडी. त्या पेटीला ते कोर्टातल्या आरोपीच्या जागेसारखं 'कठडा' म्हणत. पाई कठड्यात उभी राहिली की कोणी दार उघडायचं नाही. विलायती म्हातारी हिंदीत म्हणायची की मक्खन ठंडा होना चाहिए, आणि आमच्या अंबडला उन्हाळ्यात वीज गेली की तूप वाटीत पाण्यासारखं हलायचं. काका पिठाचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाखालच्या वाळूत ठेवायचे आणि रांजणाला हात लावू द्यायचे नाहीत. कोणाला तहान लागली तर, "टीव्हीतल्या बाईंचा निवाडा हाय, गोळा थंड पायजे. जा शेजारी पाणी प्या." शेजाऱ्यांनाही मग सवय झाली.

माझी आई परतूरहून फोन करायची. "रविवारची सुट्टी, आणि घरी यायला काय होतं गं तुला? तुला घरमालक भेटलाय का सासरा?" मी म्हणायची, आई, इथं गैरहजेरी लागते. आणि खरंच लागायची. एकदा न विचारता परतूरला गेल्ते, तर पुढच्या रविवारी मला सगळ्यांत लहान तुकडा. वर, "मागल्या तारखेला कुठं होत्या? कारण दाखवा." मीही कमी नव्हते. म्हटलं, काका, पहिल्या पाईचा धूर अजून डोक्यातून गेला नाही म्हणून हवा पालटायला गेल्ते. काकू पदराआड हसल्या. तेव्हा काकांनी आपल्या तुकड्यातला अर्धा मला दिला.

मोसंबीची पाई केली ती तर विसरणं शक्य नाही. आपल्या भागात मोसंबी चिक्कार, तर सफरचंद कशाला, असं म्हणून त्यांनी टोपलीभर मोसंबी सोलली आणि सालीसकट रटरट शिजवली. पहिला घास काकूंनी घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू! जहर कडू हाय!"

आम्ही घास घेतले. होतंच कडू. पण काका ताडकन उठले. "जीभ हजर! ऐकलं का सगळ्यांनी? जीभ हजर झाली, आता नाक कुठं जातंय!" काकूंना गोड, आंबट, कडू जिभेवर कळायला लागलं होतं. तेवढ्यावर त्या दिवशी गल्लीत सगळ्यांना कडू पाई वाटली. लोक बिचारे खाऊन "छान हाय" म्हणाले.

मात्र सगळंच असं हसण्यावारी गेलं नाही. एका रविवारी भोपळ्याची पाई होती. काकूंनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "वेलदोड्याचा वास छान येऊन राह्यला."

काकांचा चेहरा असा फुलला! पण सूनबाई माझ्याकडं बघायला लागली, तिचा रंगच उडाला. वेलदोडे घरात संपले होते. त्या पाईत वेलदोडा नव्हताच. तिनं काही बोलायचं ठरवलं नव्हतं, पण तिचा चेहरा काकांनी पाहिला. आयुष्यभर साक्षीदारांचे चेहरे पाहिलेला माणूस.

"वेलदोडा घातलता का?" त्यांनी हळू विचारलं.

सूनबाईनं मान खाली घातली.

काकांना रागावलेलं मी तेव्हाच पाहिलं. "खोटी साक्ष!" ते ओरडले. "मला बरं वाटावं म्हणून? माझ्या घरात?" हातातली ताटली त्यांनी खाली ठेवली. "दर रविवारी मी हितं शेगडी फुंकत बसतो ते खोटं ऐकाया न्हाई!"

काकू कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही. म्हणाल्या, "तुम्ही दर रविवारी माझ्या तोंडाकडं बघत बसता. घास घेतला की बघता, गिळला की बघता. मी न्हाई म्हणलं की तुमचं तोंड उतरतं. मला न्हाई बघवत ते. मी नाकावाचून जगंन हो. तुमचं ते तोंड बघून न्हाई जगता येत."

पाई तशीच राहिली.

मला वाटलं, संपलं हे आता. पण पुढच्या रविवारी ऊन कललं आणि पुकारा झाला. खाली गेले तर काकांनी आपला पाट फिरवून ठेवलेला. भिंतीकडं तोंड, आमच्याकडं पाठ. तुकडे वाटले आणि पाठ करून बसले. भिंतीला बघत खाल्लं. "काही खबर?" विचारलं नाही. "पुढली तारीख, रविवार," एवढंच भिंतीला सांगितलं आणि उठले.

नंतर दर रविवारी ते तसेच बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, नवरा-बायकोचं भांडण झालंय. खरं तर काकू त्या पाठीकडं बघत निवांत खायला लागल्या होत्या. तुकडा हातात घ्यायच्या, बाजारात माठ वाजवून घेतात तशी नखानं पारी वाजवायच्या, "आज कच्ची हाय" म्हणायच्या, "आज खस्ता झाली" म्हणायच्या. पारी त्यांच्या दाताखाली वाजली की भिंतीकडं तोंड केलेल्या काकांचे कान हलायचे. हळूहळू काकूंचा हात गोळा मळायला येऊ लागला. मोहन किती हे त्या बोटांनी सांगायच्या. घरात शिकणं-शिकवणं सुरू झालं, सूनबाई आणि मी दोघी शिकलो. पण नाकाचा पत्ता नव्हता, आणि तो विषय कोणी काढत नव्हतं.

सीताफळाच्या दिवसांत एका रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून गर काढला, बिया वेचल्या. बोटं चिकट. पाई कठड्यात ठेवून काका पुढच्या ओट्यावर आले. मीही आले, आणि आमचा वाद जुंपला. मी म्हणत होते, सीताफळ शिजवलं की तुरट लागतं, पाईला चालणार नाही. ते म्हणत होते, टीव्हीतल्या बाईंनी कुठं मनाई केलीय? परसातली पेटी आणि पुढचा ओटा, मध्ये दोन खोल्या. सूनबाई आमच्याजवळ पायरीवर बसून ऐकत होती. काकू मधल्या खोलीत टीव्हीपुढं.

आतून काकूंचा आवाज आला. वैतागलेला. "अहो, वाद घालून काय राह्यले? तिकडं पाई करपून राह्यली!"

आम्ही नाक वर करून हुंगलं. मला काही वास आला नाही. सूनबाईलाही नाही. काका आत गेले, आम्ही मागोमाग. मधल्या खोलीतही मला काही कळेना. काकांचा चेहरा कठीण झाला, त्यांना भोपळ्याची पाई आठवली असणार. एक शब्द न बोलता ते परसात गेले आणि पेटीची कडी काढली.

पाई चांगली भाजली होती. फक्त एका बाजूला, जिथं वरचा एक निखारा घसरून टेकला होता, तिथं बोटभर कड काळी पडली होती. बाकी सोनेरी. एवढुसं करपणं. आम्हाला पेटी उघडल्यावर कुठं कळलं.

काका फडक्यात पाई धरून परत आले. "तुला कसं कळलं?"

"कसं म्हंजे? वास आला," काकू म्हणाल्या आणि टीव्हीकडं वळल्या. वळता वळता थांबल्या. हात आपोआप नाकाशी गेला.

"पुन्हा सांग," काका म्हणाले. "नीट सांग. धूर दिसला? कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार?" त्या उठल्या, जवळ आल्या, काळ्या कडेवर वाकल्या आणि दीर्घ श्वास घेतला. डोळे भरून आले. "लागलेल्या दुधासारखा हाय. तस्साच. येतोय हो मला. खरंच येतोय. शपथ घेऊन सांगते."

काकांनी पुकारा करायला तोंड उघडलं. ज्यांचा आवाज स्टँडवर जायचा त्यांच्या गळ्यातून काही निघेना. त्यांनी पाई माझ्या हातात दिली आणि सवयीनं भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते.

काकूंनी मागून त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली. "आता बघा की इकडं. आता बघा माझ्या तोंडाकडं."

पुकारा शेवटी मी केला. ओट्यावर जाऊन, गळा फाडून, तीनदा. "नाक हाजिर हो-ओ-ओ!" अख्खी गल्ली उठून आली.

सगळे वास एकदम आले नाहीत. मग हिंग आला, पुढं कधी मोगरा, फोडणीतली मोहरी फार उशिरा. प्रत्येक नव्या वासाला काका म्हणायचे, "एकेक आरोपी शरण येऊन राह्यला." काकू स्वयंपाकघरात परतल्या, मसाल्याचे डबे घेऊन बायका परतल्या. टीव्हीवरची म्हातारी कधीच दिसेनाशी झाली. काका म्हणाले, "बाई निवृत्त झाल्या. निवाडा कायम." पाई थांबली नाही. फक्त एक नवा नियम झाला. वरचा एक निखारा मुद्दाम एका बाजूला सरकवायचा आणि बोटभर कड काळी होऊ द्यायची. तो तुकडा काकूंचा. नवा पाहुणा आला की हळूच सुचवतो, एका बाजूनं जरा जास्त झालीय का हो. काका म्हणतात, "हरकत फेटाळली."

माझी बदली झाली, लग्न झालं, आता जालन्याला असते. घरात विजेचा ओव्हन आहे, त्यात निखारा घसरायची सोय नाही. म्हणून पाई झाली की एक कड गॅसच्या ज्योतीवर धरते. सासूबाई म्हणतात, "एवढी चांगली झाली असती, दर रविवारी हिला तिथंच काय होतं कुणास ठाऊक!" पण वास सुटला की त्याही आपलं काम टाकून येतात.

तेवढ्यात फोन वाजतो. अंबडहून. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"कड करपली का?"

"करपली काका."

"वास आला का सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

मागून काकूंचा आवाज येतो, "तिला म्हणावं, आम्हालाबी आला." आणि काका म्हणतात, "मंग कोर्ट उठलं."